तळ्याकाठचा अप्रमाद

गेल्या वर्षी जून आणि जुलै हे दोन महिने मी लंडन येथे चिरंजीवांकडे होतो. हुपरीतील आमचे घराणे तीन पिढ्यांपासून चांदीच्या व्यवसायात आहे. एकुलत्या मुलाने शिक्षण संपवून पेढीवर बसावे, अशी माझी इच्छा होती. ती पूर्ण झाली नाही. आता पेढी पुतण्या सांभाळतो. मनातील ती खंत बरोबर घेऊनच मी विमानात बसलो होतो, हे प्रथमच मान्य करतो.

तेथे पोहोचल्यावर पहिल्याच शनिवारी मुलगा म्हणाला, "अण्णा, उद्या तळ्यावर माझी ड्यूटी आहे. येता का बरोबर?" सुट्टीच्या दिवशी ही कसली नोकरी, असे मला वाटले. पण ती नोकरी नव्हती. शिडाच्या होड्या चालविणाऱ्यांचा एक लहानसा क्लब तेथे आहे आणि मुलगा, सून व नातू त्याचे सभासद आहेत.

वायव्य लंडनमधील या तळ्याला वेल्श हार्प म्हणतात. काठाजवळच्या एका जुन्या खानावळीवरून हे नाव पडले. वस्तुतः ते नैसर्गिक तळे नव्हे. मालवाहू कालव्याला पाणी पुरावे म्हणून ब्रेंट नदीवर बांध घालून 1835 साली ते तयार झाले. मालाची वाहतूक पुढे रेल्वेकडे व रस्त्यांकडे गेली. पाणी मात्र राहिले. त्या पाण्यावर आज मुले होड्या चालवायला शिकतात आणि काठावरच्या लव्हाळ्यात पक्षी घरटी करतात. व्यापारासाठी केलेल्या कामाचा असा उपयोग पुढच्या पिढ्यांना होईल, हे बांध घालणाऱ्यांच्या ध्यानीमनीही नसेल.

क्लबमध्ये गेल्यावर मी सवयीने शिपाई कोठे दिसतो का ते पाहिले. शिपाई नव्हता, माळी नव्हता, चहा देणारा पोऱ्याही नव्हता. भिंतीवर वर्षभराच्या कामाचा तक्ता लावलेला होता आणि प्रत्येक सभासदाच्या नावापुढे ठरलेले दिवस होते. इंग्लंडमध्ये असे पुष्कळ क्लब सभासदच चालवतात. त्या दिवशी एक वृद्ध गृहस्थ गवत कापण्याचे यंत्र ढकलत होते. ते नामांकित डॉक्टर असल्याचे मला दुपारी समजले.

उन्हाळा हाच त्यांचा खरा हंगाम, आणि देखभालीचे कामही उन्हाळ्यातच सर्वांत जास्त. होड्या पाण्यात उतरविण्याचा उतार शेवाळाने निसरडा होतो, तो खरखरीत झाडूने घासावा लागतो. पाण्यातील वनस्पती वाढून होडीच्या सुकाणूत आणि बचाव-बोटीच्या पंख्यात अडकते, ती हाताने सोडवावी लागते. दोऱ्या उन्हाने व घर्षणाने विरतात. प्रत्येक दोरी बोटांतून फिरवून पाहावी लागते. ओले शीड घडी घालून ठेवले तर त्यावर बुरशी धरते, म्हणून ते आधी वाळवावे लागते. बचाव-बोट चालविणाऱ्याने इंजिनाची एक दोरी स्वतःच्या पायाला बांधायची असते. तो पाण्यात पडला तर दोरी सुटून इंजिन तत्काळ बंद पडते. उष्णतेने पाण्यावर निळसर-हिरवा विषारी थर दिसू लागला, तर स्पर्धा कितीही मोठी असो, कोणालाही पाण्यात उतरू देत नाहीत.

माझा मुलगा गुडघ्यापर्यंत विजार दुमडून उतार घासत होता. हुपरीत त्याने कधी झाडू हातात घेतल्याचे मला आठवत नाही. आम्हीच घेऊ दिला नव्हता. मी काही वेळ खुर्चीवर बसून पाहिले. मग उठून दुसरा झाडू घेतला.

हाताला झाडू लागताच मला बाहुबली आठवले. समंतभद्र महाराजांनी 1934 साली स्थापन केलेल्या त्या आश्रमात माझे शालेय शिक्षण झाले. अंगण झाडणे, झाडांना पाणी घालणे, आपले ताट आपण घासणे हा तेथे शिक्षणाचाच भाग होता. शेजारच्या कुंभोजला जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी तर 'कमवा आणि शिका' हे सूत्र घेऊन खेडोपाडी शिक्षणाचे दालन उघडले. तेव्हा त्या तळ्यावर मी जे पाहिले ते परक्यांचे नवल नव्हते. आपलेच एक जुने वळण, पेढीवरच्या गादीवर बसल्यापासून मी विसरलेले, मला तेथे पुन्हा भेटले.

आणखी एका गोष्टीने मी अंतर्मुख झालो. एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात होडी न्यायची असेल तर ती आधी नीट तपासावी, तिला चिकटलेली वनस्पती व जीव जेथले तेथेच सोडावेत, होडी धुवावी आणि पूर्ण वाळवावी, असा तेथे दंडक आहे. परक्या पाण्यातील जीव आले तर मूळच्या जीवसृष्टीचा नाश होतो, हे त्यामागील कारण. माझी आजी विहिरीचे पाणी दुहेरी वस्त्रातून गाळीत असे आणि वस्त्र उलटे करून त्यावरील जिवाणी त्याच विहिरीत अलगद सोडीत असे. एका विहिरीची जिवाणी दुसरीत टाकलेली तिला कधी चालली नाही. सुनेने मला तो दंडक समजावून सांगितला, तेव्हा मी तिला आजीची ही हकिकत सांगितली.

या तळ्यावर तुरेवाली मोठी टिबुकली वीण करते. तिच्यासारख्या पाणपक्ष्यांमुळेच तळ्याला 1950 पासून कायद्याचे संरक्षण आहे. तिचे घरटे पाण्यावर तरंगते आणि पिल्ले आईबापांच्या पाठीवर बसून फिरतात. होडीवाल्यांनी त्या बाजूस जायचे नाही, हे लहान मुलांनाही ठाऊक असते.

बुधवारी संध्याकाळीही स्पर्धा होत. सूर्यास्तापूर्वी भोजनाचा माझा नियम. परंतु जूनअखेरीस तेथे सूर्य रात्री सव्वानऊच्या पुढे मावळतो. स्पर्धा संपवून, होड्या धुऊन, सुनेने आणलेला डबा तळ्याकाठी खाऊनही नियम पाळला जाई. हळूहळू मी तेथे रुळलो आणि जुलैमध्ये माझ्यावर एक काम सोपविण्यात आले.

काम अगदी साधे होते. दाराजवळ एक फलक होता. पाण्यात उतरणाऱ्याने आपल्या क्रमांकाचा बिल्ला डावीकडून उजवीकडे अडकवायचा आणि परत आल्यावर पुन्हा डावीकडे लावायचा. फलकाजवळ बसणाऱ्याने होड्या व बिल्ले यांचा मेळ घालायचा. मला त्यात चांदीच्या व्यवहाराचेच रूप दिसले. कारागिराला दिलेली चांदी, परत आलेला माल आणि घट यांचा हिशेब मी जन्मभर ठेवला होता. हे काम माझ्याकडून चुकणार नाही, अशी माझी खात्री होती.

त्या रविवारी वारा मंद होता आणि एकोणीस जण पाण्यात होते. बहुतेक मुले एका शिडाच्या चिमुकल्या ऑप्टिमिस्ट होड्यांत होती. तीनच्या सुमारास पेढीवरून फोन आला. पुतण्याला एका मोठ्या मागणीच्या भावाबद्दल विचारायचे होते. मी उठून झाडाखाली गेलो आणि बोलण्यात पंधरा मिनिटे गेली. परत आलो तेव्हा आभाळ भरून आल्यामुळे सर्वांना काठावर बोलावले होते. गर्दीत होड्या वर ओढल्या गेल्या. शेवटी फलक पाहिला तर अठरा बिल्ले डावीकडे आणि एक उजवीकडे. तो बिल्ला एका दहा वर्षांच्या मुलीचा होता.

मुलाने मला फक्त एवढेच विचारले, "अण्णा, तुम्ही तिला वर येताना पाहिलंत का?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. पुढच्याच क्षणी बचाव-बोट पाण्यात गेली. लोक काठाकाठाने लव्हाळ्यात पाहू लागले, मुलीची आई नाव घेऊन हाका मारू लागली. मी फलकापाशी उभा होतो आणि माझे पाय कापत होते. मुखी णमोकार मंत्र होता, पण मन त्यात स्थिर होत नव्हते.

वीस मिनिटांनी ती मुलगी सापडली. थंडी वाजू लागल्याने ती आधीच परतली होती, बिल्ला हलवायला विसरली होती आणि मैत्रिणीच्या मोटारीत पांघरूण घेऊन झोपली होती. मी जागेवर असतो तर ती माझ्यासमोरूनच गेली असती. कोणी मला बोल लावला नाही. मुलाने तक्त्याशेजारी एक ओळ लिहून लावली: फलकाजवळ बसणाऱ्याचा फोन दुसऱ्याकडे राहील. खाली पहिली सही त्याने स्वतःची केली आणि लेखणी माझ्या हाती दिली.

त्या रात्री मला झोप आली नाही. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात आचार्य उमास्वामींनी हिंसेची व्याख्या करताना प्रमादयुक्त प्रवृत्ती हेच तिचे मूळ सांगितले आहे. हे प्रवचनात मी कितीदा ऐकले होते! वस्तू उचलताना व ठेवताना जपावे, ही आदाननिक्षेपण समिती मुनींसाठी म्हणून मी तिला दूरूनच नमस्कार करीत आलो. मी मुंगीलाही जपतो, रात्री जेवत नाही, कंदमुळे खात नाही. म्हणून आपल्या हातून हिंसा होत नाही, असा माझा समज होता. विरलेली दोरी न पाहणे आणि फलक सोडून उठणे हीसुद्धा हिंसेचीच वाट आहे, हे त्या दिवशी कळले.

आणि मग नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट समोर उभी राहिली. आमच्या कारखान्यात पैंजणांच्या कड्यांना डाक लावण्याचे काम गॅसच्या ज्योतीवर चालते. तेथील रबरी नळी जुनी झाल्याचे एका कारागिराने मला दोनदा सांगितले होते. हंगाम जोरात होता. बदलू म्हणालो आणि विसरलो. नळीने पेट घेतला आणि त्याचा उजवा हात भाजला. औषधोपचाराचा सर्व खर्च मी केला, वर काही रक्कमही दिली. लोकांनी माझे कौतुक केले आणि मी ते स्वीकारले. दोन बोटे पूर्ण वळत नसल्याने बारीक काम त्याला पुन्हा कधी जमले नाही.

ऑगस्टमध्ये मी हुपरीला परतलो. आता कारखान्यात एक फलक आहे. नळ्या, शेगड्या, आटणीच्या जागेचा धूर बाहेर टाकणारा पंखा, आम्लाची भांडी. रोज सकाळी प्रत्येक वस्तू हाताने पाहून त्यापुढे खूण करायची. कामाचा तक्ताही लावला आहे आणि त्यात सोमवार माझा आहे. पुतण्या प्रथम हसला. मंगळवार आता त्याचा आहे.

मुलगा पेढीवर बसला नाही, ही खंत आता पूर्वीसारखी टोचत नाही. देवाणघेवाणीचा चोख हिशेब हाच आमच्या घराण्याचा वारसा असेल, तर तो त्याने माझ्यापेक्षा अधिक मोलाच्या वस्तूंसाठी वापरला, असे मला वाटते.

दशलक्षण पर्वानंतर क्षमावाणीच्या दिवशी मंदिरातून निघून मी त्या कारागिराच्या घरी गेलो. हात जोडून म्हणालो, "नळीचं तू दोनदा सांगितलं होतंस. मी लक्ष दिलं नाही. मला क्षमा कर." तो गडबडून उठला. "मालक, असं काय करताय? बसा की. किती वर्षं झाली त्याला!" मग थोडा वेळ तो आपल्या हाताकडे पाहत राहिला आणि हळूच म्हणाला, "तुमच्या ध्यानात होतं म्हणायचं."