पुसलेल्या नव्हत्याच त्या फायली

आमच्या कार्यालयाच्या बैठकवहीत माझ्याबद्दल एक वाक्य आहे: संगणक ऑपरेटरच्या निष्काळजीपणामुळे तीन गावांच्या दाव्यांच्या फायली नष्ट झाल्या. खाली सगळ्यांच्या सह्या आहेत. माझीही आहे, कारण हजेरी म्हणून सह्या बैठकीच्या आधीच घेतल्या होत्या आणि वरचा मजकूर मागाहून भरला गेला. या गोष्टीला काही वर्षं झाली, पण ते आठवलं की अजून माझं डोकं तापतं. फायली नष्ट झालेल्या नव्हत्या, आणि मी निष्काळजीपणाही केलेला नव्हता.

मी मूळची गोंदियाची. लग्न होऊन बैहरला आले आणि इथल्या एका लहानशा संस्थेत कागदपत्रांचं काम करू लागले. बैहर म्हणजे बालाघाटहून घाट चढून आलं की लागणारं तालुक्याचं गाव. एका अंगाला मलाजखंडची तांब्याची खाण, दुसऱ्या अंगाला कान्हाचं मुक्की फाटक, आणि चहूकडे गोंड आणि बैगा वस्त्या. संस्थेचं मुख्य काम वनहक्काच्या दाव्यांचं. २००६च्या कायद्यानुसार १३ डिसेंबर २००५च्या आधीपासून जमीन कसत असल्याचा पुरावा द्यावा लागतो. दावा ग्रामसभेतून उपखंड समितीकडे आणि तिथून जिल्हा समितीकडे जातो. फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नामंजूर दावेदारांना हटवण्याचा आदेश दिला आणि पंधरवड्यात त्याला स्थगितीही दिली, पण त्या दिवसांत गावागावांत जी घबराट पसरली ती मी पाहिली आहे. त्याच वर्षी मध्य प्रदेशात नामंजूर दावे पुन्हा तपासण्यासाठी ‘वनमित्र’ पोर्टल आलं. जुने कागद धडाधड स्कॅन करायचे, नावं द्यायची, चढवायचे, असं काम सुरू झालं.

स्कॅन ठेवायला ५०० जीबीची बाहेरून जोडायची हार्ड डिस्क होती, फॅट ३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेली. त्यात वावगं काही नव्हतं. फॅट ३२ कुठल्याही दुकानातल्या संगणकावर उघडते, टीव्हीवरही उघडते. पेन ड्राइव्हमधल्या व्हायरसला कंटाळून आमच्या संगणकांवर लिनक्स टाकलेलं होतं. नागपूरहून एक जाणकार आला. त्यानं ही डिस्क मधल्या डेस्कटॉपला जोडली, एनएफएस नावाच्या पद्धतीनं ती नेटवर्कवर वाटली, दोन्ही लॅपटॉपवर तिचे फोल्डर दिसतात हे दाखवलं आणि पैसे घेऊन गेला.

सकाळी सगळं ठीक चालायचं. दुपारनंतर मात्र उघडा असलेला फोल्डर अचानक रिकामा दिसायचा, किंवा फाइल सेव्ह करताना पडद्यावर ‘स्टेल फाइल हँडल’ असा इंग्रजी संदेश यायचा. वीज गेली की हमखास. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहायचे, पण डेस्कटॉप बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा आणि लॅपटॉपवर जे उघडं असेल ते सगळं नाहीसं व्हायचं. मी हे सांगितलं. फोनवर नागपूरचा माणूस म्हणाला, केबल सैल असेल. केबल बदलली. मग म्हणाला, राउटर. तोही बदलला.

उपखंड समितीपुढे तीन गावांचे दावे ठेवायच्या आदल्या संध्याकाळी संस्थेतल्या आमच्या वरिष्ठांनी, म्हणजे सरांनी, स्वतः लॅपटॉप उघडला. तिन्ही गावांचे फोल्डर रिकामे. दुसऱ्या दिवशी तारीख हुकली, गावकरी पायपीट करून आले होते ते तसेच परत गेले. सर सगळ्यांसमोर म्हणाले, ‘मॅडम, डिलीट तो किसी ने किया ही होगा ना!’ मी डिस्क डेस्कटॉपवरून काढून सरळ माझ्या लॅपटॉपला लावली. सगळ्या फायली जागच्या जागी होत्या. मला वाटलं, संपलं. तर सर म्हणाले, ‘रात्री परत टाकल्या असतील.’

म्हणजे फायली दिसेनात तेव्हा मी पुसल्या, आणि दिसल्या तेव्हा लपवण्यासाठी परत टाकल्या. असं झालं की माणसानं काय दाखवायचं? आणि हे सिद्ध करायला फॅट काही मदत करत नाही, कारण तिथे फाइल कोणी बनवली, कोणी पुसली, याला जागाच नाही. प्रत्येक फाइलची मूळ नोंद ३२ बाइटची: आठ अधिक तीन अक्षरांचं नाव, काही खुणा, तारीख-वेळ, पहिला तुकडा डिस्कवर कुठे आहे ते, आणि आकार. मालकाचा रकानाच नाही. खसऱ्यात जमीन असावी आणि कसणाऱ्याचं नाव नसावं, तसं. ज्या कार्यालयात रोज याच गोष्टीसाठी भांडतो, तिथेच हे माझ्या वाट्याला आलं.

दिवाळीत माझा भाचा आला होता, नागपूरला शिकतो. त्यानं डिस्कची प्रत घेतली आणि मूळ नोंदी आकड्यांमध्ये उघडून दाखवल्या. फॅटमध्ये फाइल पुसली की नोंद लगेच जात नाही, फक्त नावाच्या पहिल्या अक्षराच्या जागी एक खूण बसते, षोडशमान पद्धतीत ई-५. ‘मावशी, या तीन फोल्डरांत ई-५ कुठेच नाही,’ तो म्हणाला. शिवाय फायली नव्यानं टाकल्या असत्या तर निर्मितीची वेळ त्या रात्रीची पडली असती. ती प्रत्येक फाइलवर स्कॅन केलेल्या दिवसाचीच होती. म्हणजे ना कोणी पुसल्या, ना कोणी परत टाकल्या. मी हे छापून सरांना दिलं. त्यांनी ते टेबलाच्या खणात ठेवलं.

मग झालं काय होतं? एनएफएस ही सन कंपनीनं १९८४ मध्ये आणलेली पद्धत. तिच्या मूळ रचनेची गंमत अशी की मधला संगणक, म्हणजे सर्व्हर, कोणाकडे काय उघडं आहे हे लक्षातच ठेवत नाही. तो प्रत्येक फाइलसाठी एक ओळखपत्र देतो, तेच हँडल. लॅपटॉप दर वेळी ते दाखवतो आणि फाइल मागतो. सर्व्हर बंद पडून पुन्हा चालू झाला तरी काम पुढे चालावं, हा त्यामागचा विचार. पण त्यासाठी फाइलला कायमचा क्रमांक लागतो. युनिक्सच्या डिस्कवर तो असतो. फॅट जन्माला आली १९७७ मध्ये, फ्लॉपीसाठी. तिच्यात असा क्रमांकच नाही. लिनक्स वेळेपुरता एक क्रमांक स्वतः तयार करतं आणि मेमरीत ठेवतं. दुपारपर्यंत शेकडो स्कॅन उघडून झाले, मेमरी भरली, की जुने क्रमांक मेमरीतून निघून जातात. लॅपटॉप जुनं ओळखपत्र दाखवतो, सर्व्हर म्हणतो, हे शिळं आहे. वीज गेल्यावर तर सगळेच क्रमांक नवे.

हे काही गूढ नव्हतं. लिनक्सच्या स्वतःच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेलं आहे की फॅट एनएफएसवर वाटली तर दोनच मार्ग. एकात वाचता-लिहिता येतं, पण अधूनमधून ही खोटी ‘शिळी’ तक्रार येऊ शकते. दुसऱ्यात फाइलचं ओळखपत्र डिस्कवरच्या तिच्या जागेवरून ठरतं, म्हणून ते शिळं होत नाही, पण तिथे डिस्क फक्त वाचता येते. लिहू दिलं तर एका फाइलचं ओळखपत्र दुसऱ्याच फाइलला लागून डेटा बिघडू शकतो, म्हणून लिहिणंच बंद केलेलं आहे. आमच्या जाणकारानं हा परिच्छेद वाचला असता तर तो तासाभरात म्हणाला असता की इथे दुसरी व्यवस्था करा. त्याऐवजी केबल बदलली, राउटर बदलला आणि शेवटी गुन्हेगार म्हणून मी मिळाले. संगणकाच्या कामात काही बिघडलं की सगळ्यात कमी पगाराच्या माणसाकडे बोट जातं, हे मी तेव्हापासून इतर ठिकाणीही पाहते आहे.

ज्यांच्याकडे अशी वाटणी करायची आहे त्यांना सांगते. नेटवर्कवर ठेवायची डिस्क लिनक्सच्या स्वतःच्या पद्धतीनं, एक्स्ट ४ मध्ये फॉरमॅट करा. वीज जाते तिथे तर नक्कीच, कारण तिच्यात अर्धवट राहिलेल्या लिखाणाची वही असते, फॅटमध्ये नसते. विंडोजही जोडायचं असेल तर सांबा वापरा. कॅनबरातल्या अँड्र्यू ट्रिजेल नावाच्या विद्यार्थ्यानं १९९२च्या सुमारास ते सुरू केलं. ते फाइल नावावरून शोधतं, त्यामुळे हा क्रमांकांचा घोळ तिथे येत नाही. मधल्या संगणकाला यूपीएस लावा. आणि फाइल दिसत नाही म्हणजे ती गेली असं समजू नका. आधी डिस्क सरळ जोडून बघा, मग माणसावर बोट दाखवा.

आता आमच्याकडे तसंच आहे. सांबा लावलं, डिस्क बदलली, तक्रार थांबली. नागपूरच्या माणसावर माझा पूर्वी भयंकर राग होता, आता तितका नाही. त्याला लग्नाच्या स्टुडिओपासून शाळांपर्यंत पन्नास ठिकाणी हेच करायचं होतं, घाईत एक परिच्छेद राहिला. वहीतलं वाक्य लिहिणाऱ्याला मात्र घाई नव्हती. त्याच्या खणात पुरावा होता आणि वही त्याच्यापुढे होती.

फॅटवरही मी काही दिवस चिडून होते. एवढी आंधळी पद्धत अजून का वापरतात, असं म्हणायचे. पण ग्रामसभांना त्यांच्या दाव्यांच्या प्रती द्यायची वेळ आली तेव्हा मीच पेन ड्राइव्ह फॅट ३२ मध्ये तयार केल्या. एक्स्ट ४ची पेन ड्राइव्ह गावातल्या कियोस्कवर लावली तर विंडोज तिला फॉरमॅट करू का म्हणून विचारतं, आणि तिथल्या पोरानं ‘हो’ दाबलं की गावाचे सगळे कागद खरोखर गेले. फॅट ३२ सगळीकडे उघडते: कियोस्कवर, शाळेत, सरपंचाच्या घरच्या टीव्हीवरसुद्धा. प्रत्येक गावाला अशा दोन पेन ड्राइव्ह देतो, एक वनहक्क समितीच्या अध्यक्षाकडे, एक सचिवाकडे, आणि दोन्ही वर्षातून एकदा मागवून मी स्वतः उघडून बघते.