भेट मिळालेल्या पुस्तकाची गोष्ट

गेल्या वर्षातील आपल्या बाललेखनाविषयी चार शब्द लिहावेत, अशी सूचना स्मरणिकेच्या संपादक मंडळाने केली तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. आम्ही मुळात इतिहासाचे शिक्षक. मुलांसाठी लहान पुस्तके लिहिण्याचा उद्योग शाळा सुटल्यानंतरच्या वेळातला. परंतु सरलेल्या वर्षात एका चाळीस पानी पुस्तकाने आम्हाला क्षणाची उसंत दिली नाही, आणि अध्यापनाच्या इतक्या वर्षांत जे उमगले नव्हते ते उमगले. म्हणून हे लेखन.

पुस्तकाचा विषय आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. कृष्णाजी अर्जुन केळुस्कर यांनी १८९८ साली मराठीत गौतम बुद्धांचे चरित्र लिहिले आणि पुढे ते विद्यार्थी भीमरावांना भेट दिले. जयंतीच्या व्यासपीठावर हा प्रसंग आपण अनेकदा ऐकला आहे. तो बहुधा महापुरुषाच्या चरित्रातील एक टप्पा म्हणून सांगितला जातो. आम्हाला मात्र तो पुस्तक हाती पडलेल्या एका मुलाची गोष्ट म्हणून मुलांना सांगावयाचा होता.

साधने चाळू लागलो तेव्हा पहिली अडचण उभी राहिली. धनंजय कीर यांच्या चरित्रात हा सत्कार १९०७ साली, मॅट्रिकच्या परीक्षेनंतर, सी. के. बोले यांच्या अध्यक्षतेखाली झाल्याचे येते. स्वतः बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी १९५६ साली लिहिलेल्या, परंतु पहिल्या आवृत्तीत न छापल्या गेलेल्या प्रस्तावनेत मात्र इंग्रजी चौथीच्या परीक्षेचा उल्लेख आहे. कौतुकाने मुलाच्या डोक्यात हवा जाईल म्हणून सुभेदार रामजींनी सभेस नकार दिला होता आणि केळुस्करांनी त्यांचे मन वळवले, हेही बाबासाहेब तेथे सांगतात. आम्ही रुळलेली वाट धरली. मॅट्रिक लिहिले, चौथी गाळली.

आणखीही एक गोष्ट गाळली. सुभेदार घरी मुलांकडून रामायण-महाभारत वाचून घेत. बुद्धचरित्र वाचल्यावर भीमरावांनी वडिलांना विचारले, की ज्या ग्रंथांत शूद्र-अस्पृश्यांच्या अवनतीच्या कथा आहेत ते वाचण्याचा आग्रह आपण का धरता? तुम्ही अजून पोरे आहात, सांगितले तेवढे करा, अशा अर्थाने वडिलांनी त्यांना गप्प केले. सुभेदारांसारख्या पित्याच्या तोंडी असे उत्तर मुलांच्या पुस्तकात शोभणार नाही, असे आम्हास वाटले.

वर्षावासात वसतिगृहात सायंवंदनेनंतर ग्रंथवाचन होते. एका संध्याकाळी त्या वेळेत आम्ही आपला कच्चा मसुदा मुलांना वाचून दाखविला. वाचन संपल्यावर सातवीतील एक मुलगी उभी राहिली. "सर, घरी रामायण-महाभारत वाचत होते. मग बुद्धांचं पुस्तक वाचून झाल्यावर बाबासाहेबांनी वडिलांना काहीच विचारलं नाही?"

प्रश्नाचे उत्तर आमच्याजवळ होते. ते आम्हीच पुस्तकातून काढून टाकले होते.

त्या रात्री आम्हास एक जुना विद्यार्थी आठवला. नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत नववीच्या वर्गात आम्ही महाडचा सत्याग्रह शिकवीत होतो. त्याने विचारले, "सर, बाबासाहेबांनी पाणी प्यायल्यावर तळं लगेच सर्वांना खुलं झालं का?" आम्ही इतिहासात एम. ए. केले होते, उत्तर ठाऊक होते. पण परीक्षा जवळ आली होती, अभ्यासक्रम मागे पडला होता. "पुस्तकात आहे तेवढं लिही," असे म्हणून आम्ही त्याला खाली बसविले. त्यानंतर वर्षभर त्याने एकही प्रश्न विचारला नाही. त्याचे ते मौन आम्ही तेव्हा शिस्त समजलो होतो.

दुसऱ्या दिवसापासून पुस्तक नव्याने लिहावयास घेतले. दोन साधने दोन परीक्षा सांगतात, हे मुलांना समजेल अशा शब्दांत मांडले. वडिलांचे रागावणे ठेवले आणि त्यापुढचा भागही ठेवला. काही काळाने भीमरावांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, तेव्हा सुभेदार उत्तराची तयारी करून बसले होते. आपल्या मनातील न्यूनगंड जावा म्हणून हे वाचन, असे सांगून त्यांनी द्रोण, कर्ण, वाल्मीकी यांची उदाहरणे दिली. मुलाला त्यात काही तथ्य दिसले, तरी समाधान झाले नाही. तेही त्याने वडिलांना सांगितले.

एका प्रकाशकाने मुलांच्या पुस्तकात दोन मते नकोत म्हणून हस्तलिखित परत पाठविले. दुसऱ्याने ते छापले. मग अशोक विजयादशमीला नागपूरची दीक्षाभूमी, सहा डिसेंबरला चैत्यभूमी, मधल्या काळात विहारांतील बालवर्ग, अशी धावपळ झाली. चैत्यभूमीच्या परिसरातील स्टॉलवर बांधकामावर काम करणारे एक गृहस्थ आपल्या मुलासह आले. पुस्तक हाती घेऊन म्हणाले, "गुरुजी, पोरगं लई इचारतंय. मला न्हाई येत सांगता. ह्यात हाय का समदं?" आम्ही म्हणालो, "सगळं नाही. पण सुभेदारांनाही पहिल्यांदा सांगता आलं नव्हतं, हे आहे." ते हसले. एक प्रत मुलासाठी आणि एक वस्तीतील विहारासाठी घेऊन गेले. वर्षभरात पुष्कळ सत्कार झाले, शाली मिळाल्या. पण आठवणीत राहिले ते हे हसू.

प्रश्न विचारणारी ती मुलगी आता आठवीत आहे. पुस्तकाची पहिली प्रत आम्ही तिला दिली. ती वाचून तिने आणखी तीन प्रश्न लिहून आणले. त्यांतील एकाचे उत्तर आम्ही अद्याप शोधीत आहोत.

राहिला तो नववीतील विद्यार्थी. आज त्याचे वय चाळिशीच्या आसपास असेल. ही स्मरणिका त्याच्या हाती पडली तर त्याने एवढे वाचावे: नाही, बाळा, तळे लगेच खुले झाले नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले; त्यानंतर प्रकरण न्यायालयात गेले आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागेपर्यंत १९३७ साल उजाडले. दहा वर्षे लागली. तुला उत्तर देण्यास आम्हास त्याहूनही अधिक वर्षे लागली. वसतिगृहाच्या ग्रंथालयात पुस्तकाची एक प्रत तुझ्यासाठी ठेवली आहे. येऊन घेऊन जावी, आणि येताना प्रश्न घेऊन यावे.

नमो बुद्धाय. जय भीम.