आजोबा आणि थ्री नॉट थ्री

चंदनसारच्या आमच्या घरात, फळीवर, बोटाएवढी एक पितळी बाटली आहे. तिच्या झाकणाला आतून चिमुकला चमचा आहे. गेल्या पावसाळ्यात फळी पुसताना मुलाने विचारले, "ही अत्तराची का?" ही अत्तराची नव्हे, बंदुकीला तेल देण्याची बाटली. थ्री नॉट थ्री बंदुकीच्या दस्त्यात तिच्यासाठी पोकळी असते. फौजेतून येताना ती जमा करायची राहून गेली, असे आजोबा सांगत. खरे काय ते त्यांनाच ठाऊक.

आजोबा महार रेजिमेंटचे. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला पहिली पलटण उभी राहिली आणि पुढच्या वर्षी ते भरती झाले. ही भरती आपल्या माणसांना सहजासहजी मिळालेली नाही, हे वाचकांना सांगायला नकोच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी आपल्याला फौजेची दारे बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली त्याविरुद्ध अर्ज केला. पहिल्या महायुद्धात १११ वी महार पलटण काढली, ती युद्ध संपल्यावर मोडली. १९४१ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार मंडळावर गेले, तेव्हा कुठे पुन्हा आपली पलटण झाली. म्हणून आजोबा बंदूक हा शब्द वापरत नसत. 'हत्यार' म्हणत, तेही हळू आवाजात.

आम्ही १९९९ साली बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होतो, आणि एन.सी.सी.त. आमच्या वाट्याला आलेली थ्री नॉट थ्री इशापूरच्या कारखान्यातली, १९४३ सालची. पोरे तिला भंगार म्हणत. समुद्राकाठची हवा आणि चार महिन्यांचा पाऊस, त्यामुळे तिच्यावर तांबूस गंज चढला होता. तो पाहून आम्हाला लाज वाटली. आम्ही हार्डवेअरच्या दुकानातून पॉलिश पेपर आणला आणि कोतमध्ये बसून दुपारभर घासले. बंदूक भांड्यासारखी चकाकू लागली.

संध्याकाळी उस्तादांनी ती पाहिली. बोल्टवरचा नंबर निम्मा पुसला गेला होता. त्यांनी आमच्या आधी ती बंदूक वापरणाऱ्या मुलाला पुढे बोलावून चांगलेच फैलावर घेतले. तो विरारचाच, आमच्या रोजच्या लोकलमधला. आम्ही गप्प उभे राहिलो.

घरी येऊन हे सारे आम्ही आजोबांना हसत हसत सांगितले. त्यांनी ताट बाजूला सारले.

"उद्या त्या पोराच्या देखत उस्तादाला सांगायचं," एवढेच म्हणाले. मग हात धुऊन त्यांनी नळाच्या पाइपाचा एक तुकडा शोधून आणला आणि आम्हाला दिव्याखाली बसवले.

"पहिलं काम काय? हत्यार खाली आहे का बघणं. मॅगझीन काढ, बोल्ट उघड, आणि डोळ्यावर विसंबू नको, बोट घालून बघ. मग बोल्टचा नंबर आणि हत्याराचा नंबर एकच आहे का ते बघ. तोच तू पुसलास." मग त्यांनी पाइप दिव्याकडे धरला. "मग नळीतून उजेड बघायचा. बाहेरचा गंज कसला, तो तेलाच्या फडक्यानं चार दिवसांत सुटतो. लोखंडावर जो काळेपणा असतो ना, तो मळ नव्हे. तो अंगरखा. तो तू खरवडलास. आता ते उघडं पडलं."

नळीची गोष्ट त्यांनी पुष्कळ वेळ सांगितली. त्या काळच्या काडतुसांच्या टोपीतल्या दारूतून, बार उडाल्यावर, नळीत एक क्षार राहतो. तो हवेतला ओलावा ओढतो आणि आतून लोखंड खातो. तेलात तो विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. म्हणून बार झाल्यावर आधी उकळते पाणी ओतायचे, मग कोरड्या चिंध्या, आणि शेवटी तेल. पुलथ्रूची दोरी मागून घालून तोंडाकडे सरळ ओढायची, तिरकी ओढली की तोंडाची कड झिजते आणि नेम जातो. लाकडाला जवसाचे तेल, तेही हाताने चोळून. आम्ही रोकड वहीचा ताळेबंद शिकत होतो. जमाखर्चाची इतकी नेमकी शिकवणी कॉलेजात झाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी आम्ही सांगितले. उस्तादांनी शिक्षा दिली ती इथे लिहीत नाही. तो मुलगा आमच्याशी महिनाभर बोलला नाही. पण बंदूक साफ करायचे काम उस्तादांनी दोघांवर मिळून टाकले. नरसाळ्याने उकळते पाणी ओतले, तर खालून चहासारखे पाणी आले. पाचव्या-सहाव्या चिंधीनंतर नळीत उजेड दिसला, डावीकडे वळत गेलेल्या पाच खाचा दिसल्या. तोंडाजवळ मात्र देवीच्या व्रणांसारखे खड्डे होते. ते कशानेही जाणार नव्हते. उस्तादांनी ती बंदूक फायरिंगमधून काढून फक्त कवायतीसाठी ठेवली.

आजोबांना सांगितले, तर म्हणाले, "कवायत तर करील." आणि ही बाटली आमच्या हातावर ठेवली.

उत्तर प्रदेश पोलिसांनी २६ जानेवारी २०२० च्या संचलनात थ्री नॉट थ्रीला निरोप दिला, ती बातमी वाचायला आजोबा नव्हते. परवान्याशिवाय हत्यार घरात ठेवणे हा गुन्हा, आणि ते ठेवायची आम्हाला हौसही नाही. मुलाला दाखवायला ही बाटली आहे. त्याने झाकण उघडून हुंगले आणि म्हणाला, "अजून वास येतो."