नबो डोंगरावरून

आमच्या नवापूर स्टेशनातूनच दोन राज्यांची सीमा जाते. गाडी लगेच गुजरातेत शिरते आणि मोठ्या दुखण्याचा माणूस सुरतेला उतरतो. गेल्या वर्षी पावसाळ्यात मीही डोळ्यांसाठी तसाच उतरलो. डॉक्टर म्हणाले, "सर, काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली थेंबांनी राखायची."

परतीच्या गाडीला अवकाश होता, म्हणून कतारगाम दरवाजाजवळच्या जुन्या इंग्रज कबरस्तानात गेलो. तेथे जॉर्ज ऑक्झिंडनची भव्य कबर आहे. १६६४ साली शिवाजी महाराज सुरतेवर आले, तेव्हा इंग्रजांची वखार राखणारा तो हाच. १६६९ साली तो सुरतेतच वारला. वर कबरीकडे पाहताना बाजूची पायरी दिसली नाही, ठेच लागली. सौभाग्यवतीने हात धरला. "अहो, जपून!"

तिथेच बसलो आणि मोशे आठवला. चाळीस वर्षे लोकांना रानातून चालवून त्याने वचनदत्त देश नबो डोंगरावरून नुसता पाहिला. अनुवादाच्या शेवटच्या अध्यायात आहे की, एकशेवीस वर्षांच्या मोशेची दृष्टी मंदावली नव्हती. आणि त्याची कबर मात्र कोणाला ठाऊक नाही. देवाने त्याला नजर ठेवली, पाऊल थांबवले. माझी नजर आवरली, पाऊल ठेवले. पुढची वाट यहोशवा चालला.

माझ्या कपाटात पीएच.डी.चा प्रबंध अर्धा पडला होता. विषय, रेव्हरंड ना. वा. टिळकांचे 'ख्रिस्तायन'. १९१९ साली टिळक गेले तेव्हा ते काव्यही अपुरेच होते. पुढे नेले लक्ष्मीबाईंनी. ज्यांना अक्षरओळख लग्नानंतर झाली त्यांनी! हे मी प्रबंधात लिहिले होते, पण त्यातून काही घेतले नव्हते.

गेल्या नाताळात टिपणांची बाडे एका जुन्या विद्यार्थिनीच्या हाती दिली. ती म्हणाली, "सर, नाव तुमचंच राहील."

म्हटले, "नको, बाळ. तू लिही, आणि रविवारी येऊन मला वाचून दाखव."

रोज रात्री थेंब टाकले की काही मिनिटे डोळे मिटून बसावे लागते. तेवढ्यात प्रार्थना होते. पूर्वी एकच मागणे असे, नजर परत दे. आता जे पाहून झाले त्याचे आभार मानतो. कधी जुने मागणेही ओठांवर येते. देवाला तेही ठाऊक आहे.