हे मावशी घेतील का?

प्लास्टिकचा डबा उलटा केला की तळाशी बहुतेक वेळा बाणांचा छोटासा त्रिकोण दिसतो आणि त्यात १ ते ७ मधला एखादा आकडा. आमच्या पुण्यातल्या सोसायटीतल्या मुलांना कचरा वेगळा करायला शिकवायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी या आकड्यांपासून सुरुवात केली. १ म्हणजे पाण्याची बाटली, २ म्हणजे शाम्पूची, ४ म्हणजे दुधाची पिशवी, ५ म्हणजे हॉटेलचं पार्सल येतं ते डबे. मुलं घरून आणलेल्या वस्तू उलट्यासुलट्या करून आकडे शोधायला लागली. थोड्याच वेळात एकाने विचारलं, "काकू, ६ आणि ७ चं पुढे काय होतं?" ६ थर्माकोलच्या जातीचं आणि ७ म्हणजे आधीच्या कशातच न बसणारं, एवढं मला सांगता आलं. पुढचं काही सुचेना. त्रिकोण फक्त प्लास्टिकची जात सांगतो. ते कुणी विकत घेऊन वितळवणार आहे की नाही, याबद्दल तो काहीच बोलत नाही, आणि मुलांना नेमकं तेच हवं होतं.

हे ज्यांना पक्कं ठाऊक होतं, त्या रोज सकाळी आमच्या दारात येत होत्या. पुण्यात १९९३ साली कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिच्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली आणि २००८ पासून महापालिकेशी करार करून तिचे सभासद घरोघरचा कचरा गोळा करतात. आमच्या मावशी त्यांतल्याच. काम आटपल्यावर मुलांसाठी थोडा वेळ थांबाल का, असं मी विचारलं. त्या थांबल्या.

त्यांनी त्रिकोण पाहिलाच नाही. डबा दाबून पाहिला, पिशवी ताणून पाहिली, एक बाटली जमिनीवर आपटून तिचा आवाज ऐकला. बघता बघता ढीग पडले: पुठ्ठा, पांढरा कागद, बाटल्या, दुधाच्या पिशव्या, पत्रा, काच. भंगारच्या दुकानात प्रत्येकाचा भाव वेगळा, म्हणून ढीग वेगळा. मध्ये जे उरलं त्याकडे हात करून त्या म्हणाल्या, "ह्याला कोण पैसं देत नाय." त्यात वेफर्सची पाकिटं होती, चहाचे कागदी कप होते, तेलाने माखलेलं पिझ्झाचं खोकं होतं.

मुलांना हे पटेना. कप तर कागदाचा आहे! मग एकीने तो पाण्यात भिजत टाकला आणि आतला प्लास्टिकचा पापुद्रा नखाने सोडवत बसली. वेफर्सच्या पाकिटाचं असंच असतं. प्लास्टिक आणि चमकणारा ॲल्युमिनियमचा पातळ थर असे चिकटलेले, की ते सोडवणं कुणाला परवडत नाही. मुठीत चुरगाळून सोडलं की ते पुन्हा उलगडतं. पोळ्या गुंडाळायची फॉइल चुरगाळलेलीच राहते. हे समजावून सांगण्यापेक्षा मुलांच्या मुठीत देणं फार सोपं गेलं.

दुधाच्या पिशवीचा कोपरा कापून टाकायचा नाही, नुसती चीर द्यायची, पिशवी धुऊन वाळवून ठेवायची, हेही मावशींनीच शिकवलं. कापलेला एवढासा तुकडा कुणाच्या हाती लागत नाही, तो गटारात जातो. आणि ओलं-सुकं एकत्र का नको, याचं कारण मी पुस्तकी भाषेत सांगत होते तेव्हा मुलं इकडेतिकडे बघत होती. मावशींनी एवढंच सांगितलं की पुठ्ठ्यावर आमटी सांडली की त्याचा भाव गेला, आणि तुमचं उष्टं मला हाताने वेचावं लागतं. सगळी गप्प झाली.

मला सर्वांत अवघड वाटलेली गोष्ट लाल ठिपक्याची. वापरलेले पॅड आणि डायपर कागदात नीट गुंडाळून वर लाल खूण करायची, म्हणजे वेचणाऱ्या बाईला ते उघडून बघावं लागत नाही. असा कचरा गुंडाळूनच द्यायचा, हे २०१६ च्या घनकचरा नियमांतही होतं. पण मुलग्यांसमोर हे बोलायचं कसं? दोन आयांनी ते वगळा असं सुचवलंही होतं. मी वगळलं नाही. ज्या हातांना ते रोज लागतं, त्यांच्याबद्दल बोलताना आपण संकोच करणं मला चुकीचं वाटतं. मुलग्यांनी एकदोन प्रश्न विचारले, मी सरळ उत्तरं दिली आणि जुन्या वर्तमानपत्रांवर लाल ठिपके काढायला सगळी एकत्र बसली.

मग सोसायटीच्या बैठकीत एक कल्पना निघाली: जास्तीत जास्त बाटल्या आणि पुठ्ठा जमवणाऱ्या मुलाला बक्षीस द्यावं, सगळं विकून मुलांची सहल काढावी. सगळ्यांना ती आवडली. वर्गात सांगितली, तेव्हा कप सोलणारी मुलगी म्हणाली, "मग मावशींना काय उरणार?" घरोघरची फी आणि सुक्या कचऱ्याच्या विक्रीचे पैसे, हीच त्यांची कमाई. शाळाशाळांतून अशा भंगार जमवण्याच्या मोहिमा कौतुकाने होतात आणि त्यांतलं किती कुणाच्या ताटातून उचललेलं असतं, हे मुलांना कधी सांगितलं जात नाही. शिवाय बक्षिसासाठी एका मुलाने आईकडे कोल्ड्रिंकच्या बाटल्यांचा हट्ट धरलाच होता.

मी समितीला लेखी कळवलं की स्पर्धा नको. थोडी नाराजी झाली. सहलीसाठी प्रत्येक घराने वर्गणी द्यायची ठरली. बाटल्या, पुठ्ठा, पत्रा धुऊन-पुसून मावशींच्या हातात द्यायचा, ही जबाबदारी मुलांनी मजल्यांप्रमाणे वाटून घेतली आहे. वेफर्सची पाकिटं ती एका पोत्यात वेगळी साठवतात. त्यांचं काय करायचं, हे अजून आम्हाला कुणालाच सुचलेलं नाही. पोतं भरत आलं आहे आणि वाढदिवसांना वेफर्सऐवजी चिवडा ठेवायचा का, यावर मुलांचं भांडण चालू आहे.