कॉफीपात्राची गळती

धुळ्यातील एका निवृत्त गृहस्थांना मुलाने मोका पॉट पाठविला. इटलीत १९३३ साली प्रथम तयार झालेले हे अ‍ॅल्युमिनियमचे कॉफीपात्र. काही महिन्यांतच मधल्या सांध्यातून पाणी गळू लागले. गृहस्थ ते रोज अधिक जोराने आवळीत, गळती थांबेना. अखेर पत्नीने पात्र थंड होऊ दिले, उघडले आणि कुकरची रिंग पाहावी तशी त्यातील रबरी रिंग पाहिली. कडेला कॉफीचे कण चिकटले होते. सेफ्टी व्हॉल्व्हवरही पाण्यातील क्षार साचले होते. तो बुजला असता, तर कोंडलेली वाफ घातक ठरली असती. त्यांनी दोन्ही स्वच्छ केले, पाणी व्हॉल्व्हच्या खालीच भरले, कॉफी दाबली नाही. गळती थांबली. आता गृहस्थ आधी कड पुसतात, मगच पात्र बेताने आवळतात.