लुका टोनी आणि माझं नाशिक

३० जून २००६ची रात्र. कोथरूडमधला वन बीएचके, आम्ही चौघं, कोपऱ्यात सेकंडहँड टीव्ही. साडेबाराला वर्ल्डकपची क्वार्टर फायनल होती, इटली विरुद्ध युक्रेन. माझे तिन्ही रूम पार्टनर कट्टर ब्राझीलवाले, त्यामुळे ते कधीच घोरायला लागले होते. मी जागा होतो. इटलीवर प्रेमबिम होतं म्हणून नाही, झोपच येत नव्हती. उशीखाली एक ऑफर लेटर होतं आणि सोमवारी उत्तर द्यायचं होतं.

त्या वेळी मी हिंजवडीतल्या एका बड्या कंपनीत होतो. काचेची बिल्डिंग, गळ्यात आयकार्ड, फूड कोर्टात आठ प्रकारचे डोसे. काम काय, तर दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका एक्सेलमध्ये भरायच्या. तीन वर्षं! तीन अप्रेझल झाली आणि तिन्ही वेळा 'पुढच्या वर्षी नक्की बघू' ऐकलं. ऑफर होती नाशिकच्या बावीस माणसांच्या कंपनीची. पगार दीड हजारानं कमी, पण अख्खं बिलिंग सॉफ्टवेअर मी लिहायचं. आई फोनवर म्हणाली, "अरे, लोक नाशिकहून पुण्याला जातात. तू उलटा कुठं निघालास?" बाबांचं म्हणणं वेगळंच, "आता स्थळं बघायची आहेत. कंपनीचं नाव मोठं असलेलं बरं."

मॅच इटलीनं ३-० अशी आरामात मारली. शेवटचे दोन्ही गोल एकाच माणसाचे. सहा फूट चार इंच उंची, अंगानं आडवातिडवा, धावताना जरा अवघडलेलाच वाटायचा. गोल झाला की कानापाशी हात नेऊन बल्ब फिरवल्यासारखा गोल गोल फिरवायचा. कॉमेंटेटर सांगत होता, हा लुका टोनी, नुकताच युरोपियन गोल्डन शू पटकावलाय.

दुसऱ्या दिवशी शनिवार. सायबर कॅफेत वीस रुपये तासानं बसलो आणि टोनीची कुंडली काढली. मला वाटलं होतं, लहानपणापासूनचा स्टार असणार. कसलं काय! १९७७चा जन्म. सुरुवात मोदेनातून, तीही तिसऱ्या श्रेणीत. मग एम्पोली, फिओरेन्झुओला, लोदिजानी, त्रेविसो. दर वर्षी नवं गाव, नवी जर्सी. व्हिचेन्झाकडून सेरी एमध्ये, म्हणजे इटलीच्या सर्वांत वरच्या लीगमध्ये पोचला तेव्हा वय २३. २००१ मध्ये ब्रेशियाला गेला. तिथं टीममध्ये साक्षात रॉबर्टो बॅजिओ! पहिल्या सीझनला १३ गोल केले, दुसऱ्या सीझनला दुखापती आणि फक्त २.

पुढची ओळ मी दोनदा वाचली. २००३ मध्ये टोनी पालेर्मोला गेला. पालेर्मो सिसिलीचं, तेव्हा सेरी बीमध्ये. म्हणजे २६व्या वर्षी, जेव्हा स्ट्रायकर ऐन भरात असतो, तेव्हा हा माणूस सरळ एक पायरी खाली उतरला. मीही तेव्हा २६चाच होतो.

खाली उतरून त्यानं काय केलं? एका सीझनमध्ये ३० गोल ठोकले. पालेर्मो ३१ वर्षांनी सेरी एमध्ये परतलं. पुढच्या वर्षी वरच्या लीगमध्येही त्याचे २० गोल. ऑगस्ट २००४ मध्ये इटलीची जर्सी मिळाली, वयाच्या २७व्या वर्षी. २००५ मध्ये फिओरेंटिनानं नेलं आणि पहिल्याच सीझनला ३१ गोल. सेरी एमध्ये तिशी ओलांडणारा खेळाडू त्याआधी १९५९ मध्ये झाला होता. गोल्डन शू मिळवणारा हा पहिला इटालियन.

सोमवारी मी नाशिकला 'हो' कळवलं. नंतर ९ जुलैची फायनल बघितली. टोनीचा एक हेडर बारला लागला, दुसरा गोलमध्ये गेला पण ऑफसाइड. पेनल्टी मारायलाही त्याला बोलावलं नाही. तरी कप इटलीचा आणि मेडल त्याच्या गळ्यात. माझे रूम पार्टनर झिदानच्या धडकेवर चर्चा करत होते, मी बॅग भरत होतो.

आता फिल्मी शेवट हवा असेल, तर सॉरी. नाशिकला अडीच वर्षं गाढवासारखं राबलो. रात्री दोनला दुकानदारांचे फोन घेतले, शिव्या खाल्ल्या, सॉफ्टवेअर चाललं. २००९च्या मंदीत कंपनी बंद पडली. चार महिने घरी होतो आणि आईचं ते वाक्य रोज आठवायचं. पण पुढच्या इंटरव्ह्यूत त्यांनी विचारलं, "तुम्ही काय केलंय?" तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे सांगायला काहीतरी होतं.

टोनीचीही गाडी सरळ गेली नाही. बायर्न म्युनिककडून २००७-०८ मध्ये २४ गोल करून बुंडेसलीगाचा टॉप स्कोअरर झाला. मग रोमा, जेनोआ, युव्हेंटस, थेट दुबई. सगळ्यांना वाटलं, संपला. २०१३ मध्ये नुकतंच वर आलेल्या व्हेरोनानं घेतलं. तिथं पहिल्या वर्षी २० गोल, दुसऱ्या वर्षी २२. २०१५ मध्ये मौरो इकार्डीबरोबर सेरी एचा टॉप स्कोअरर, वय ३८! एवढ्या वयात हे आधी कुणालाच जमलं नव्हतं. मे २०१६ मध्ये घरच्या मैदानावर युव्हेंटसविरुद्ध शेवटची मॅच खेळला. व्हेरोना आधीच खाली घसरलं होतं. पेनल्टी मिळाली, त्यानं गोलकीपरला चकवून बॉल अलगद मधोमध चिप केला. व्हेरोना २-१ जिंकलं. आणि अर्थातच, हात कानाशी.

परवा आमच्या टीममधला एक पोरगा विचारत होता, "सर, छोट्या कंपनीची ऑफर आहे. रिझ्युमेवर वाईट दिसेल का?" त्याला म्हटलं, दिसेलही. खाली उतरलेला प्रत्येक जण टोनी होत नाही, मीही झालो नाही. तू फक्त एवढंच विचार, तिथं खेळायला मिळणार आहे की बेंचवरच बसायचंय?

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "सर, पण हा टोनी कोण?"

मी मोबाइल काढला आणि व्हेरोनाची ती पेनल्टी लावून दिली.